ओरडेल त्याची खुर्ची

माझा भाचा वाढला कोल्हापुरात, नोकरीला पुण्यात आणि जीव अडकलाय मँचेस्टरमध्ये. २०२५ साली मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर डगआउटच्या, म्हणजे प्रशिक्षक आणि राखीव खेळाडूंच्या बाकांच्या, आसपास बसणाऱ्या शेकडो सीझन तिकीटवाल्यांना (अख्ख्या हंगामाचं तिकीट काढणाऱ्यांना) हलवून तिथे हॉस्पिटॅलिटीच्या, म्हणजे जेवणखाणासकट महाग विकल्या जाणाऱ्या, खुर्च्या आणायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या मित्रांत दोन तट पडले. एक तट म्हणत होता, अमेरिकन मालकांनी फुटबॉल विकून खाल्लं. दुसरा म्हणत होता, खुर्ची मालकाची, भाव मालकाचा, परवडत नसेल त्याने घरी टीव्ही लावावा. भाचा दुसऱ्या तटात. "मामा," तो मला म्हणाला, "व्हिसा, विमान, हॉटेल धरून अडीच लाख घालून मी आयुष्यात एकदा जाणार. आणि तिथला एखादा म्हातारा केवळ स्टेडियमशेजारी जन्मला म्हणून डगआउटमागे बसणार? का म्हणून?"

प्रश्न रास्त आहे. त्याला 'खेळाचा आत्मा' असलं उत्तर देणं म्हणजे उत्तर चुकवणं. आत्म्याचा हिशेब लागत नाही, म्हणून ज्यांच्याकडे हिशेबाची वही आहे ते या वादात दर वेळी जिंकतात. तेव्हा मीही हिशेबाचंच बोलतो. माझं म्हणणं असं, की सीझन तिकीटवाला हा क्लबचं गिऱ्हाईक नाही, तो क्लबचं कूळ आहे. गिऱ्हाईक तयार माल विकत घेतं, कूळ माल पिकवतं. मैदानावरचा आवाज, गाणी, पाहुण्या संघाच्या गोलकीपरला फुटणारा घाम, ज्याला जाहिरातीत 'वातावरण' म्हणतात ते सगळं पीक खालच्या स्टँडमध्ये निघतं आणि वरच्या मजल्यावर ताटात वाढलं जातं. पिकवणाऱ्याला उठवून त्या जागी खाणाऱ्याला बसवणं अन्याय आहे की नाही, हे नंतर बघू. आधी ते बियाणं विकून खाणं आहे.

हे ताट मी एकदा स्वतः जेवलोय. लंडनच्या एका मैदानावर, ओळखीच्या माणसाच्या कंपनीच्या पासावर. आमंत्रणातच लिहिलेलं, फाटकी जीन्स नको, पाहुण्या संघाचे रंग नकोत. पांढरे टेबलक्लॉथ, भाजलेलं मांस, दोन प्रकारचे चीज आणि भिंतीवरच्या टीव्हीवर त्याच मैदानाचं थेट प्रक्षेपण, काचेपलीकडे चार पावलांवर खरं मैदान असताना. खुर्ची गादीची, पाठीला उब देणारी. माझ्या शेजारचे गृहस्थ सिमेंटच्या धंद्यातले होते आणि पहिली वीस मिनिटं माझ्याशी भारतातल्या सिमेंटच्या भावांबद्दल बोलले. आमच्या खाली, कठड्यापलीकडच्या रांगेत, एक सत्तरीचे आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीवर बसलेले, कारण खुर्ची ओली होती. थर्मास पायाशी. स्ट्युअर्ड त्यांना नावाने हाक मारत होता, पुढच्या रांगेतला पोरगा न विचारता त्यांच्या डब्यातलं बिस्किट उचलत होता. पहिल्या चाळीस मिनिटांत ते तीनदा उठून ओरडले. तिन्ही वेळा आमच्या रांगेतल्या लोकांनी मैदानाकडे नाही, त्यांच्याकडे बघून मोबाइल वर केला.

त्या मोबाइलमध्ये या वादाचं मर्म आहे. आमच्या तिकिटाची किंमत कशाची होती? चीजची खचित नव्हती. टॉटनहॅम आणि मँचेस्टर सिटी या दोन्ही क्लबांनी तर खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात त्याला काचेची भिंत बसवलीय, म्हणजे पाहुण्यांना जेवता जेवता खेळाडू बघता येतात. मत्स्यालयासारखं. पण त्या बोगद्याच्या तोंडाशी साठ हजार माणसांचा आवाज नसेल, तर काचेमागे अर्ध्या चड्डीतले अकरा तरुण चालताना बघायला कोण पैसे देईल?

उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. करोनाने तो प्रयोग फुकटात करून दाखवला. २०२०-२१ चा प्रीमियर लीगचा जवळपास अख्खा हंगाम रिकाम्या स्टँडपुढे झाला. ३८० सामन्यांपैकी यजमान संघांनी १४४ जिंकले, पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या अव्वल फुटबॉलच्या इतिहासात पाहुणे यजमानांपेक्षा जास्त जिंकल्याचं हे पहिलंच उदाहरण. टीव्हीवाल्यांची तर अशी गाळण उडाली की प्रक्षेपणात व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज मिसळावा लागला. पुढे २०२५ पासूनच्या चार हंगामांच्या देशांतर्गत प्रक्षेपण हक्कांसाठी ६७० कोटी पौंड मोजणाऱ्या धंद्याला माणसांचं ओरडणं उसनं आणावं लागलं. लंडनच्या आर्सेनल क्लबने १९९२ मध्ये आपल्या हायबरी मैदानाचा नॉर्थ बँक स्टँड पाडला तेव्हा बांधकाम झाकायला गोलमागे रंगवलेल्या प्रेक्षकांचं भलंमोठं चित्र टांगलं होतं. लोक हसले. तीस वर्षांनी सगळ्या लीगवर तीच पाळी आली, फक्त चित्राऐवजी ध्वनिमुद्रण.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. ती बाजू लेचीपेची नाही.

पहिला मुद्दा, जुनं सगळं सोनं नव्हतं. मान्य, आणि मनापासून मान्य. जुन्या टेरेसच्या, म्हणजे उभं राहून सामना बघायच्या पायऱ्यांच्या, आठवणींनी गहिवरणाऱ्यांना मी नेहमी १९८५ चं वर्ष आठवून देतो. मे महिन्यात ब्रॅडफर्डचा लाकडी स्टँड पेटून ५६ माणसं गेली, त्याच महिन्याअखेर ब्रसेल्सच्या हेझल स्टेडियममध्ये ३९. मग १९८९ चं शेफील्डचं हिल्सबरो मैदान, जिथे चेंगराचेंगरीत शेवटी ९७ बळी गेले. त्या काळी टेरेसवर बायका कमी दिसत, आणि आपल्या रंगाचा माणूस तिथे उभा राहिला तर त्याच्या वाट्याला काय यायचं हे तिथे राहिलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. स्टेडियम सुरक्षित झाली, स्वच्छतागृहं माणसांसाठी असावीत तशी झाली, हे चांगलंच झालं. पण ते महागाईने झालं का? हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला आणि उभ्या जागा जाऊन खुर्च्या आल्या. तो अहवाल क्लबवाले आजही ढालीसारखा पुढे करतात. त्याच अहवालात टेलर यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिलाय, बसायचे ६ पौंड, उभं राहायचे ४. उभं राहणाऱ्याच्या खिशाला झेपेल अशीच सगळ्यात स्वस्त खुर्ची ठेवता येईल, असं ते सांगत होते. क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या घेतल्या आणि भावाचं पान फाडून ठेवलं.

दुसरा मुद्दा जास्त टोकदार आहे. श्रीमंताने शंभर जास्त दिले की गरिबाला दहा कमी द्यावे लागतात, म्हणून हॉस्पिटॅलिटी हाच खरा समाजवाद, असा तो युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. जर्मनीत बायर्न म्युनिक क्लबकडेही आलिशान बॉक्स (पाहुण्यांच्या खासगी खोल्या) आहेत, डॉर्टमुंडकडेही आहेत, आणि त्याच डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५ हजार माणसं स्वस्तात उभी राहून सामना बघतात. बायर्नचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस एकदा म्हणाले होते की, उभ्या तिकिटाचे पैसे तिप्पट केले तर क्लबला वीसेक लाख पौंड जास्त मिळतील, पण खेळाडूच्या खरेदीत तेवढ्या रकमेवर आम्ही पाच मिनिटं घासाघीस करतो. चाहत्याला मात्र तो फरक फार मोठा आहे, आणि चाहता ही काही दुभती गाय नव्हे. तेव्हा हॉस्पिटॅलिटी असावी की नसावी, हा वादच नाही. तिच्या खुर्च्या कुठून आल्या आणि तिचा पैसा कुठे गेला, एवढंच विचारायचं आहे. इंग्लंडमध्ये बॉक्स वाढले तसे साधे दर उतरले असते, तर मी हा लेख लिहायला बसलोच नसतो. झालं उलटं. २०१६ मध्ये लिव्हरपूल आपल्या अ‍ॅनफिल्ड मैदानाचा नवा मेन स्टँड बांधत होतं, त्यात हॉस्पिटॅलिटीच्या जागा भरपूर वाढणार होत्या आणि त्याच स्टँडमधलं सर्वात महाग साधं तिकीट ५९ वरून ७७ पौंडांवर न्यायचा बेत होता. टॉटनहॅमकडे लंडनमधलं सर्वात चकचकीत स्टेडियम, तरी २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ज्येष्ठांना सवलतीची नवी सीझन तिकिटं यापुढे मिळणार नाहीत. श्रीमंताच्या शंभरातले गरिबापर्यंत किती पोचले?

आणि रक्कम तरी केवढी? मँचेस्टर युनायटेडचं २०२३-२४ चं एकूण उत्पन्न सुमारे ६६ कोटी पौंड. त्यात सामन्याच्या दिवसाची सगळी कमाई, बॉक्स, तिकिटं, बिअर मिळून, १३ कोटी ७१ लाख. याच क्लबने नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन हंगामात, सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांचा सरसकट दर ६६ पौंड केला. पोराला सवलत नाही, पेन्शनरला नाही. त्याआधी लहान मुलाला २५ पौंडांत जाता येत होतं. हंगामातली बहुतेक तिकिटं तोवर विकली गेलेली, म्हणजे पदरात पडणार होते चार दाणे. क्लबवाले तेव्हा सांगत होते, तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांहून जास्त तोटा चालत नाही असा लीगचा नियम आहे, आम्हाला पै पै जमवावी लागते. बरोबर. पण चुकलेल्या एका स्ट्रायकरच्या खरेदीत कोट्यवधी बुडवायचे आणि ते आठ वर्षांच्या पोराच्या तिकिटातून वसूल करायचे, याला काटकसर म्हणत नाहीत.

इथे मला आपला कूळकायदा आठवतो, आणि ही तुलना मी उगीच ओढूनताणून आणत नाहीये. इंग्लंडच्याच न्यूकासल क्लबची गोष्ट बघा. १९९४ मध्ये क्लबने ५०० पौंडांचे बाँड विकले. घेणाऱ्यांची समजूत अशी की दहा वर्षं ही खुर्ची आपली. स्टेडियम वाढवताना क्लबला मोक्याच्या त्याच खुर्च्या कॉर्पोरेट पाहुण्यांसाठी हव्याशा झाल्या आणि बाँडवाल्यांना दुसरीकडे जा म्हणून सांगण्यात आलं. 'आमच्या खुर्च्या वाचवा' म्हणत काही चाहते कोर्टात गेले. २००० साली ते हरले. बारीक अक्षरांत अट होती, क्लबला जागा बदलता येते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, कसत होते हे खरं, पण सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव नव्हतं. १९४८ चा कायदा आल्यावर आपल्याकडेही हेच झालं होतं ना? १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक मानलं जाणार होतं, पण त्याआधी कित्येकांनी 'जमीन आम्ही स्वतः कसणार' म्हणून कुळं उठवली, कित्येकांकडून 'राजीखुशीने' राजीनामे लिहून घेतले. आज क्लबचं पत्र येतं: आपल्याला तितकीच चांगली पर्यायी जागा देण्यात येईल. भाषा मऊ असते. पण माणूस एका खुर्चीवर बसत नाही, तो शेजाऱ्यांत बसतो. तीस वर्षं एकत्र ओरडणारी दहा माणसं दहा कोपऱ्यांत वाटली की दहा गप्प प्रेक्षक तयार होतात. गाणं सुरू करायला शेजारी लागतो.

यावर भाच्याने मला बरोब्बर पकडलं. "मग पागडीचं काय, मामा?" आणि तिथे मी थोडा अडखळलो. कारण मुंबईत भाडी गोठवून आपण काय केलं ते दिसतंच. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू हलत नाही, इमारत टेकूवर उभी आणि तरुण जोडपं विरार-बदलापूरला. सीझन तिकिटांचंही तसं होतं. बापाकडून मुलाकडे, काकाच्या नावावर पुतण्या, प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची. शहरातल्या पंचविशीतल्या पोराला, ज्याचा बाप फुटबॉलवेडा नव्हता, आत शिरायला वाटच नाही. सर्वांत प्रामाणिक आक्षेप हाच आहे आणि चाहत्यांच्या संघटना त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. निष्ठा म्हणजे वारसाहक्क नव्हे. दहा सामन्यांना न येता खुर्ची अडवून बसणाऱ्याचा मला पुळका नाही; तो कूळ नव्हे, तो गावाबाहेर राहणारा खोतच. पण म्हणून ती खुर्ची द्यायची कोणाला? रांगेतल्या पोराला की सिमेंटवाल्या गृहस्थांना? क्लब प्रश्न पहिल्याच्या नावाने विचारतात आणि खुर्ची दुसऱ्याला देतात. रिकाम्या राहणाऱ्या जागा तरुणांना स्वस्तात ठरवून द्या, सीझन तिकिटाला उपस्थितीची अट घाला, बदली जागा मूळ धारकाच्या संमतीनेच द्या, आणि बॉक्स बांधायचेच तर नव्या बांधकामात बांधा, वहिवाटीच्या जागेत नको. यातलं काहीच अशक्य नाही. बाहेरगावच्या सामन्यांना जाणाऱ्या चाहत्यांसाठी लीगने २०१६ पासून तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा ठेवलीच आहे, आणि कारण काय दिलं? पाहुण्या चाहत्यांशिवाय सामन्याला रंग चढत नाही. म्हणजे पीक कोण काढतं हे लीगला पक्कं ठाऊक आहे. मग घरच्या कुळानेच काय घोडं मारलंय? २०२५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला, तिकीटदरांबाबत चाहत्यांचं ऐकून घेणं क्लबांवर आलं. ऐकून घेणं म्हणजे मानणं नव्हे, हे ग्रामसभेला गेलेल्या कोणालाही सांगायला नको.

राहिला भाच्याचा मूळ प्रश्न, दूरवरच्या चाहत्याचा. टीव्हीचा पैसा पुण्यातूनही जातो, जर्सी कोल्हापुरातही खपते, मग निष्ठा पिनकोडवर का मोजायची? खरं सांगायचं तर आपल्यासारख्याला ओल्ड ट्रॅफर्डचं तिकीट खात्रीने मिळायचा राजमार्ग म्हणजे हॉस्पिटॅलिटीचं पॅकेज. म्हणजे या भांडणात आपण, नकळत का होईना, जमीनदाराच्या बाजूचे. पण आपण तिथे जातो कशासाठी? खेळ टीव्हीवर जास्त नीट दिसतो, रिप्लेसकट. जातो तो त्या ओरडणाऱ्या गर्दीत उभं राहायला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की पेठेची पेठ पायऱ्यांवर येऊन बसते. त्या पायऱ्यांवरची पोरं उठवून तिथे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सोफे टाकले, तर पाहुणे बघणार काय? एकमेकांचे सोफे?

आणि कुळाला जिंकून दिलं की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. त्याचा पुरावा चर्चगेटला उभा आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईतल्या मैदानी क्लबांच्या क्रिकेट असोसिएशनला सामन्यांच्या जागा वाढवून द्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा शेषराव वानखेडे यांनी किलोमीटरभराच्या आत दुसरं स्टेडियम उभं केलं. जानेवारी १९७५ ला तिथे पहिली कसोटी झाली. सोफ्यावरच्यांवर सतरंजीवरच्यांनी मिळवलेला तो विजय होता. मग २०११ चा विश्वचषक अंतिम सामना आला. सुमारे ३३ हजारांच्या त्याच वानखेडेवर सर्वसामान्यांना विकायला तिकिटं निघाली जेमतेम चार हजार. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी, प्रायोजक. कालचं कूळ आज जमीनदार झालं होतं. तेव्हा 'चाहत्यांचा क्लब' अशी पाटी लावून भागत नाही, खुर्च्यांची वाटणी कागदावर लागते.

अ‍ॅनफिल्डवर त्या ७७ पौंडांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ६ फेब्रुवारी २०१६, सुंदरलँडविरुद्ध लिव्हरपूल २-० ने पुढे. बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठली आणि चालू लागली. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना आठवत असेल, आवाज गेल्यावर मैदान कसं एकदम मोठं वाटायला लागलं. उरलेल्या तेरा मिनिटांत सुंदरलँडने दोन गोल केले, २-२. त्या दोन गोलांचं कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही, बचावफळीही गचाळ होती. पण चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दर ५९ वरच राहिला. गादीच्या खुर्च्यांवरचे दहा हजार उठून गेले असते तर कोणाच्या लक्षात आलं असतं? लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ते दर सामन्याला दिसतं. हाफटाइमनंतर खेळ सुरू होतो आणि मधल्या मजल्यावरचा लाल खुर्च्यांचा पट्टा पाचेक मिनिटं रिकामाच असतो. मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा कर्णधार रॉय कीन याने २००० साली, कोळंबीचं सँडविच खात बसणाऱ्यांना मैदानात काय चाललंय ते कळत नाही, असा टोमणा मारला तो अशाच लोकांना. (कोळंबीचा त्यात काही दोष नाही.)

माझ्या त्या लंडनच्या सामन्यातही दुसऱ्या हाफच्या दुसऱ्याच मिनिटाला गोल झाला. आमच्या रांगेत मी आणि एक वेटर, दोघंच होतो. आतल्या मंडळींनी तो टीव्हीवर पाहिला, काही सेकंद उशिरा, आणि काचेतून त्यांचं ओरडणं आलं तेव्हा खालचे आजोबा खाली बसून थर्मासचं झाकण लावत होते.

भाच्याने शेवटी पॅकेज बुक केलंय, पुढच्या मार्चचं. मी मोडता घातला नाही. हाफटाइमला चहाला आत जाऊ नकोस, एवढंच सांगितलं.